भिंतीवरचा इतिहास खोडू नये, पूजूही नये

मॉस्कोत एका चौकात तीन मोठी रेल्वे स्थानके आहेत. त्याच चौकाखाली, सुमारे 37 मीटर खोलवर, भुयारी रेल्वेचे ‘कोम्सोमोल्स्काया’ स्थानक आहे. 30 जानेवारी 1952 रोजी ते खुले झाले. संगमरवरी खांबांच्या रांगा, पिवळे कमानदार छत, त्यावरचे पांढरे नक्षीकाम आणि भलीमोठी झुंबरे पाहून एखाद्या राजवाड्यात आल्यासारखे वाटावे. पण येथून रोज ये-जा करतो तो कामगार, विद्यार्थी, गावाहून आलेला प्रवासी. सामान्य माणसाच्या वाटेवर इतके सौंदर्य मांडणे ही गोष्ट कौतुकास्पद आहे, यात शंका नाही.

मात्र या छताची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी पाहिली पाहिजे. वास्तुविशारद श्चुसेव यांच्या या वास्तूत चित्रकार पावेल कोरिन यांनी आठ मोझेक चित्रे रचली. नोव्हेंबर 1941 मध्ये जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या असताना स्टालिनने सैनिकांपुढे जुन्या रशियन वीरांचे स्मरण केले होते. चित्रांची कल्पना त्याच भाषणातली. साहजिकच काही चित्रांत खुद्द स्टालिनही होता. 1953 साली तो वारला, 1956 साली ख्रुश्चेव्हने त्याच्यावर टीका केली आणि 1960 च्या दशकात त्या चित्रांच्या जागी दुसरी चित्रे आली.

आता चाक उलटे फिरले आहे. ‘तागान्स्काया’ स्थानकातील स्टालिनचे 1950 चे शिल्प 1966 साली काढून टाकले होते. मे 2025 मध्ये तेथे त्याची नवी प्रतिकृती बसली. कुणी तिच्यापुढे फुले ठेवली, तर कुणी निषेधाचे फलक.

मूळ सजावट जपावी, असे म्हणणारे आहेत. जुनी कलाकृती शाबूत असती तर मीही तेच म्हटले असते. पण नव्याने घडवलेली प्रतिकृती म्हणजे जतन नव्हे, तो आजच्या लोकांनी घेतलेला निर्णय आहे. ज्याच्या राजवटीत लाखो निरपराध माणसे छावण्यांत खितपत पडली, गोळ्यांना बळी पडली, त्याचा गौरव पुन्हा मांडायचा असेल तर त्या माणसांचीही नोंद शेजारी हवी. आणि 1960 च्या दशकात गुपचूप जागा भरून काढली, तेही योग्य नव्हते. पुसलेल्या जागेवरून पुढची पिढी काय शिकणार?

विद्यार्थी मित्रांनो, भव्य वास्तू पाहताना तीन प्रश्न विचारा : हे कुणी घडवले? कुणासाठी? आणि कोण वगळले गेले? पालक व विश्वस्त मंडळींनाही विनंती आहे. आपल्या शाळेच्या भिंतींवरील तसबिरी आणि देणगीदारांच्या पाट्या यांच्यापासूनच मुलांना हा अभ्यास करू द्यावा. प्रश्न अडचणीचे आले तरी त्यांना थांबवू नये.