तपासणीचा अहवाल हप्ता भरणाऱ्यांपुढे ठेवा!



मेडिक्लेमचा अर्ज भरताना कंपनी तुम्हाला काय काय विचारते ते आठवा. वडिलांना मधुमेह होता का, सिगारेट ओढता का, दहा वर्षांपूर्वी कोणते ऑपरेशन झाले, सगळे लिहून द्यावे लागते. क्लेम करताना पुन्हा डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिले, केसपेपर. तुमच्या शरीराचा आणि घराचा सगळा इतिहास कंपनीच्या हाती असतो. तुमच्या हाती कंपनीबद्दल काय असते? एक जाहिरात, आणि एजंटने तोंडी सांगितलेला क्लेम सेटलमेंटचा आकडा.

कंपनीला आतून पाहणारे एक कार्यालय मात्र या देशात आहे. हैदराबादचे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला ‘इर्डा’ म्हणतो ते. १९९९ च्या कायद्याने त्याच्यावर पहिली जबाबदारी टाकली ती पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाची. त्याचे अधिकारी कंपनीत जाऊन बसतात, फाइली उघडतात, क्लेम कसे निकाली काढले ते पाहतात, कमिशनचे हिशेब तपासतात आणि अहवाल लिहितात. तो अहवाल आपल्याला वाचायला मिळत नाही. पुष्कळ दिवसांनी एखादा अंतिम आदेश बाहेर येतो. त्यात आरोप, कंपनीचा खुलासा आणि दंड किंवा ताकीद एवढे असते. ज्या तपासणीतून हे सारे निघाले तिचा मूळ कागद कपाटातच राहतो.

तो कागद बाहेर आला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.

ही मागणी कशासाठी, हे नियामकाचेच आकडे सांगतात. २०२३-२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे आरोग्य विम्यात सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे क्लेम आले आणि ८३,४९३ कोटी रुपये दिले गेले. सुमारे १५,१०० कोटी रुपये अमान्य झाले. त्याशिवाय १०,९३७ कोटी रुपयांचे क्लेम थेट नाकारले गेले. या एकेका कोटीमागे कोणाचे तरी दागिने गहाण पडले आहेत, कोणाची तरी ठेव मोडली आहे. यांतले किती नकार पॉलिसीच्या अटींत बसणारे होते आणि किती नुसते ढकलून लावलेले होते? कोणत्या कंपनीत ‘आधीपासूनचा आजार’ हे कारण सर्रास पुढे केले जात होते? एकूण बेरजेतून हे कधीच कळणार नाही. नमुन्यादाखल फाइली काढून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते कळते. त्याने लिहिलेलेही असते. फक्त ज्याने हप्ता भरला त्याला ते सांगायचे नाही, अशी ही रीत आहे.

नियामकाची ढाल ठरलेली असते. माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१) मधला (ड) म्हणजे व्यापारी गोपनीयता, आणि (ई) म्हणजे विश्वासाश्रित नात्याने मिळालेली माहिती. कंपनीने विश्वासाने दिली, आम्ही ती कशी उघड करू, असा त्याचा सूर. आम्ही विचारतो, कसला विश्वास? कंपनीने ती माहिती आपखुशीने दिलेली नाही. कायद्याचा बडगा दाखवून ती काढून घेतलेली आहे, आणि काढून घेण्याचा तो अधिकार संसदेने नियामकाला आपल्यासाठी दिलेला आहे. विश्वास असलाच तर तो नियामक आणि पॉलिसीधारक यांच्यातला आहे.

हा वाद रिझर्व्ह बँकेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयात होऊन गेला आहे. रिझर्व्ह बँक विरुद्ध जयंतीलाल मिस्त्री या खटल्यात १६ डिसेंबर २०१५ रोजी न्यायालयाने सांगितले की बँकांशी रिझर्व्ह बँकेचे असे विश्वासाश्रित नाते नाही. तिचे कर्तव्य जनतेशी आणि ठेवीदारांशी आहे. तरीही अहवाल देण्यात टाळाटाळ चालू राहिली, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाला रिझर्व्ह बँकेला पुन्हा बजावावे लागले. पुढे बँकांनी नव्याने याचिका केल्या आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्या ऐकून घेण्याचे मान्य केले, हेही आम्ही लपवत नाही. पण बँकांना लागू पडणारा तर्क विमा कंपन्यांना का लागू पडू नये, याचे उत्तर आम्हाला कोणी दिलेले नाही.

विम्याच्या बाबतीत तर मिस्त्री निकालाच्याही आधीचा आधार आहे. १९३८ चा विमा कायदा काढून वाचा. त्याचे कलम २० सांगते की कंपनीने नियामकाकडे दाखल केलेली विवरणपत्रे तपासणीसाठी खुली राहतील आणि ठरलेली फी भरून कोणालाही त्यांची प्रत घेता येईल. माहितीचा अधिकार येण्याच्या ६७ वर्षे आधी, इंग्रजांच्या राज्यात, हे लिहिले गेले. त्याच कायद्याचे कलम ३३ कंपनीच्या तपासणीचे आहे, आणि तेच कलम नियामकाला मुभा देते की कंपनीला रीतसर सूचना देऊन तपासणीचा अहवाल किंवा त्याचा आवश्यक भाग प्रसिद्ध करावा. म्हणजे कायद्याने दार बंद केलेले नाही. किल्ली नियामकाच्या खिशात आहे आणि तो ती काढत नाही. अहवाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार ज्याला स्पष्ट शब्दांत दिला आहे, त्याने गोपनीयतेचे कारण सांगावे हे आम्हाला मुळीच पटत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कलम २(फ) प्रमाणे, दुसऱ्या कायद्याखाली सरकारी यंत्रणेला खाजगी कंपनीकडून जी माहिती मिळवता येते, तीही ‘माहिती’तच मोडते. कलम ८(२) म्हणते की जनहित मोठे असेल तर अपवाद बाजूला ठेवून माहिती देता येते. एखाद्या पानात खरोखरच व्यापारी गुपित असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचे द्यावे. एका परिच्छेदासाठी सबंध अहवाल दडवायला कायदा सांगत नाही.

अहवाल फुटला तर लोक घाबरतील, कंपनी बुडेल, असे सांगितले जाते. बँकेपुढे रांग लागते तशी विमा कंपनीपुढे एका सकाळी लागत नाही. मेडिक्लेमचे पैसे आजारी पडल्यावर मिळतात आणि टर्म पॉलिसीचे माणूस गेल्यावर. घाबरून पैसे काढून न्यायचे म्हटले तर काढायचे काय? विमा लोकपालांच्या वार्षिक अहवालात कोणत्या कंपनीविरुद्ध किती तक्रारी आल्या हे कंपनीचे नाव घालून छापले जाते. त्याने आभाळ कोसळलेले नाही. उलट दडपून ठेवल्यावर काय होते ते सहारा इंडिया लाइफच्या पॉलिसीधारकांना विचारा. जून २०१७ मध्ये नियामकाने तिथे प्रशासक नेमला, नवा धंदा थांबवला, आणि सहा वर्षांनी, जून २०२३ मध्ये, सुमारे दोन लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपवल्या. प्रशासक येण्यापूर्वीच्या तपासण्यांत काय दिसले होते? ते अहवाल तेव्हाच समोर असते तर पुढचा हप्ता भरायचा की नाही हे प्रत्येक घराला स्वतः ठरवता आले असते.

काही गोष्टी गुप्त राहिल्याच पाहिजेत, आणि त्याबद्दल आम्ही तितकेच आग्रही आहोत. पॉलिसीधारकाचे नाव, आजार, केसपेपर, बँक खाते यांतले एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. चालू असलेल्या चौकशीचे कागदही ती संपेपर्यंत झाकलेले राहावेत. पण प्रत्यक्षात काय घडते? सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की स्टार हेल्थच्या ग्राहकांची वैद्यकीय कागदपत्रे टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून कोणालाही मिळत होती. ३.१ कोटी ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा ती चोरणाऱ्याने केला, आणि कंपनीला मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले. ज्याला संरक्षण हवे त्या रुग्णाचे कागद बाजारात, आणि कंपनीच्या कारभाराचे कागद कुलपात! हे उलटे झाले आहे आणि ते सुलटे केलेच पाहिजे.

अमेरिकेत विम्यावर देखरेख प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विभाग करतो. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून हे पक्के झाले. तिथल्या कंपन्याही गुप्ततेसाठी कमी भांडत नाहीत, आणि तपासनीसांची टिपणे तिथेही गोपनीयच असतात. पण कंपनीला उत्तर देण्याची संधी दिल्यावर अंतिम अहवाल लोकांना खुला करण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तर १९८८ मध्ये प्रस्ताव १०३ मंजूर करून दरवाढीच्या अर्जांची माहितीही जनतेसाठी उघडी केली. आमचीही मागणी याहून जास्तीची नाही. कंपनीचे उत्तर अहवालासोबत जरूर छापा.

आता घाई का, तेही सांगतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. ‘वैयक्तिक’ म्हटले की नकार देणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कलम ८(२) अजून शाबूत आहे. ते वापरले नाही तर तेही कागदावरच राहील.

तेव्हा प्रत्येकाने एक अर्ज करावा. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर दहा रुपयांत तो होतो. आपल्या कंपनीचे नाव लिहा आणि तिच्या गेल्या पाच वर्षांतल्या पूर्ण झालेल्या तपासण्यांचे अहवाल व कंपनीची उत्तरे मागा. पॉलिसीधारकांची नावे झाकून द्यावीत असे स्वतःहून लिहा. विमा कायद्याची कलमे २० आणि ३३, मिस्त्री निकाल आणि कलम ८(२) यांचा उल्लेख अर्जातच करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि तिथेही काम झाले नाही तर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे.

विमा हा केंद्राचा विषय आहे, म्हणून या कामासाठी आमदाराकडे जाऊ नका, खासदाराला गाठा. कलम ३३ खाली आजवर किती तपासण्या झाल्या आणि त्यांतले किती अहवाल नियामकाने प्रसिद्ध केले, हा प्रश्न त्यांनी अर्थमंत्र्यांना लोकसभेत लेखी विचारावा, असे पत्र त्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या.

हे पत्रक कोणीही छापावे, झेरॉक्स काढून वाटावे.