चार दिवस, एक ताडपत्री

सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? महाबळेश्वर, नाहीतर गोवा! आज मी सांगते ती सहल वेगळी आहे. हॉटेल नाही, खोली नाही. वर आभाळ, खाली सतरंजी आणि वाट आपल्या बालाघाटाची. दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा, आजी-आजोबा सगळ्यांनी मिळून करायची. जीप असेल तर उत्तम, नसेल तर आपली एस.टी. आहेच.

निघायचं आमच्या धारूरहून. आधी किल्ला पाहा. सोळाव्या शतकात आदिलशाहीतल्या किश्वरखान नावाच्या सरदाराने तो बांधला. बुरुजावर उभं राहिलं की खालच्या दऱ्या आणि डोंगरांच्या रांगा दिसतात. त्या उतारांवर जिकडे तिकडे सीताफळीची झाडं. कोणी लावली नाहीत, पाणी घातलं नाही, तरी दिवाळीच्या सुमारास फळांनी लगडतात. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बरं का!

पुढे केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण. भरलेला जलाशय पाहिला की समुद्रच वाटतो. पण 2016 च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडं पडलं होतं. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. काठावर बसून हे आजोबांना विचारा. त्यांच्या आठवणीत असे दुष्काळ आणखी असतील.

तिसरा मुक्काम मांजरसुंब्याजवळ कपिलधारला. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे आणि शेजारी धबधबा. चौथ्या दिवशी पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य. 1994 साली खास मोरांसाठी ते राखलं. दिवाळीत गेलात तर लांब पिसाऱ्याचा मोर बहुधा दिसणार नाही. हिरमुसू नका. पावसाळा संपला की मोर पिसारा गाळतो, नवा पुन्हा येतो. अभयारण्यात रात्री राहायचं नाही, आणि जाण्याआधी वनखात्याच्या लोकांना विचारायचं.

शेवटी सौताड्याचा धबधबा. ही विंचरणा नदी. तिचं पाणी सीनेला, सीनेचं भीमेला आणि भीमेचं कृष्णेला मिळतं. मांजरा नदीसुद्धा याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, पण ती जाते गोदावरीला. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण दोन थेंबांच्या वाटा दोन! नकाशा काढून बोट फिरवून पाहा.

आता मुक्कामाचं. सोबत ताडपत्री, दोर, टॉर्च, काडेपेटी, पातेलं, शिधा आणि पिण्याचं पाणी घ्या. कोणाच्या शेतात उतरणार असाल तर मालकाला विचारा. जागा कशी निवडायची, हे मी वर्गात विचारलं तेव्हा शहाणी शहाणी मुलं गप्प बसली. मागच्या बाकावरचा एकजण उठला.

"बाई, खोलगट जागी न्हाई टाकायचं, रातच्याला पाऊस आला की पाणी घुसतंय. पाचटाच्या ढिगाजवळ बी न्हाई, किरडू निघतंय. अन् चूल वाऱ्याच्या तोंडाला न्हाई मांडायची, इस्तू उडतो."

एवढं त्याला कसं ठाऊक? तो दरवर्षी आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने कोपीत राहतो. त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्यात माझी थोडी भर: अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, सकाळी बूट झटकून घाला. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, चावलेला भाग न हलवता थेट सरकारी दवाखान्यात. निघताना चूल पाण्याने विझवा आणि कचरा पिशवीत भरून परत आणा.

पण मुलांनो, आपली ती सहल. त्याचं ते पोटासाठीचं बिऱ्हाड. आपण चार दिवसांनी घरी येतो. तो दिवाळीनंतर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. तेवढ्या दिवसांत भागाकार येऊन गेलेला असतो, निम्मं पुस्तक संपलेलं असतं. ज्याला रानात घर उभारता येतं, तो वर्गात मात्र मान खाली घालून बसतो. मला ते बघवत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. ऊसतोडीला जाण्याआधी मुख्याध्यापकांना जरूर भेटा. गावात हंगामी वसतिगृह चालणार आहे का, विचारा. आजीजवळ राहून तिथे दोन वेळचं जेवण मिळतं आणि शाळा चालू राहते. मुलांना बरोबर न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना बसवा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा सांगतो.

आणि तुम्ही काय कराल? दिवाळीनंतर वर्गातली एखादी जागा रिकामी दिसली, तर त्या मित्रासाठी तुमची वही नीट ठेवा. रोजचा अभ्यास त्यात स्वच्छ अक्षरात लिहा. तो आला की बाकावर सरकून त्याला जागा द्या, वही द्या. बदल्यात त्याच्याकडून ताडपत्री बांधायची गाठ शिकून घ्या. ती गाठ वाऱ्यात सुटत नाही म्हणे!

या आठवड्याचा उद्योग: तुमच्या गावातला ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि ती नदी पुढे कोणाला, ते शोधून वहीत नकाशा काढा. आजोबांची मदत चालेल.