बिया थुंकायची लाज

आमच्या पुतण्याला सुधारणेची खोड आहे. लहानपणी त्याने आमचं भिंतीवरचं घड्याळ सुधारलं. ते पुन्हा चाललं नाही. नोकरीला लागल्यापासून त्याने मला सुधारायला घेतलंय. गेल्या फेब्रुवारीत म्हणाला, "काका, नाशिकला चला. वाइनची टूर करू. जन्मात ऐकली नसतील अशी द्राक्षं चाखाल!" सौ.ने यातला 'द्राक्षं' एवढाच शब्द ऐकला आणि दोन पिशव्या घेऊन ती गाडीत जाऊन बसली.

तिथे एका उंच स्टुलावर मला चढवण्यात आलं. पाय लोंबकळत होते. एका हसतमुख मुलाने ग्लासात दोन चमचे वाइन ओतली. आमच्या घरी खोकल्याचं औषधसुद्धा याहून सढळ हाताने देतात. "फिरवा सर, आता हुंगा. पेरू येतोय?" मी हुंगलं. पेरू काही आला नाही. सौ. म्हणाली, "पेरूच हवा होता तर पेरूच घ्यायचा ना!" मग मुलाने समोरच्या बादलीकडे बोट दाखवलं. जाणकार लोक चव घेतात आणि त्यात थुंकतात म्हणे. सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो घोट मुकाट्याने गिळला.

एकेक नाव कानावर पडू लागलं. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराज, झिनफँडेल. पहिली दोन आणि शिराज फ्रान्सची. झिनफँडेलला जग कॅलिफोर्नियाची लेक समजत होतं. 2001 साली वंश तपासला तेव्हा तिचं माहेर क्रोएशियात निघालं. घराणी मोठी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्या बाटल्या जगातल्या कुठल्याही दुकानात मिळतात, ती द्राक्षं 'आगळीवेगळी' कशी?

मी विचारलं, "भोकरी आहे का हो?"

मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, त्यात रेड की व्हाइट?"

इथे माझं डोकं फिरलं. (दोन चमच्यांनी नव्हे!) अहो, भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही नाशिकची द्राक्षं! आमची आत्या नाशिकहून आली की तिच्या टोपलीत भोकरीचे घड असायचे. बिया असायच्या. आम्ही पोरं ओसरीवर ओळीने बसून कुणाची बी लांब जाते याची पैज लावायचो. आणि आज नाशिकच्या मातीत, नाशिकचा मुलगा मला विचारतो, रेड की व्हाइट!

"पण बाजारात कितीतरी जाती असतात, काका," पुतण्या म्हणाला. असतात ना! थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. यातली शेवटची तिन्ही थॉम्पसनचीच पोरं. थॉम्पसन म्हणजे मूळची सुलताना. कॅलिफोर्नियात थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने वाढवली, म्हणून तिने त्याचं नाव लावलं. एकाच घरातली चार माणसं चार दारांतून बाहेर आली, म्हणजे गाव वसलं असं होत नाही.

यात बागायतदाराला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. गारपीट, भुरी आणि कर्जाचा हप्ता सांभाळणाऱ्याने आपल्या बागेत पदरमोड करून संग्रहालय चालवावं, असं कोणत्या तोंडाने म्हणू? पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे नाना जाती जतन करतात. फार मोठं काम आहे. पण फळ संग्रहात असणं म्हणजे आजोबा फोटोत असणं. घरात असणं वेगळं.

दोषी आपण आहोत. गिऱ्हाईक! आपल्याला बी नको, साल नको, आंबटपणा नको. द्राक्ष कसं हवं, तर लांब, फुगीर आणि निर्बीज. म्हणून मग ते घड जिबरेलिक आम्लात बुडवून फुगवायचे. चारचौघांत बी थुंकायची आपल्याला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी भोकरी गेली.

जॉर्जियाकडे पाहा. त्या चिमुकल्या देशात पाचशेच्या वर देशी जाती. सोव्हिएत अमलात रकात्सितेली आणि सापेरावी अशा मोजक्या जातींचाच बोलबाला झाला, बाकीच्या कोपऱ्यात गेल्या. आज काखेती प्रांतातले शेतकरी किसी, खिखवी अशा मागे पडलेल्या वेली पुन्हा लावतात आणि त्या चाखायला परदेशातून लोक जातात. आगळंवेगळं म्हणजे हे!

पुतण्या म्हणाला, "भोकरीची वाइन चांगली होणार नाही, काका." नसेल होत. मी बाटली मागतोय कुठे? प्रत्येक टूरवाल्याने जुन्या जातींची एक ओळ लावावी आणि ग्लासाशेजारी एका बशीत चार मणी ठेवावेत, एवढंच मागणं आहे. त्याचे जादा पैसे घ्या. पेरूच्या वासाचे देतोच आहोत.

आणि बियांची काळजी नको. बादली समोर आहेच. जाणकार लोक तिच्यात थुंकतात, असं तुम्हीच सांगितलंत!