चालायला जायचं, पण कधी आणि कुठून?

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली की तिला दोन गोष्टी मिळतात. एक गोळ्यांची पट्टी आणि दुसरा ‘रोज अर्धा तास चालत जा’ हा सल्ला. गोळ्यांबद्दल आपण संघटनांमधून पुष्कळ बोलतो. चालण्याचा सल्ला मात्र हसण्यावारी नेतो. ‘हे बंगल्यातल्या बायकांचं खूळ, आमच्या बाया काय कमी चालतात?’ असं कार्यकर्त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे.

प्रश्न रास्त आहे. पाण्यासाठी, सरपणासाठी, चार घरच्या धुण्याभांड्यांसाठी बाई चालतच असते. मग तिचं मन हलकं का होत नाही? कारण त्या चालण्यात डोक्यावर ओझं असतं आणि डोक्यात घड्याळ. नळ गेला तर बोलणी, उशीर झाला तर खाडा. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातूनही हेच दिसलं. स्वतःच्या वेळेत, स्वतःसाठी केलेल्या हालचालीचा मनाच्या आरोग्याशी जसा चांगला संबंध आढळतो, तसा घरकामातल्या हालचालीचा आढळत नाही. म्हणजे बाईचे पाय किती चालले याइतकंच ती कुणासाठी चालली हेही महत्त्वाचं.

आणि उपयोग होण्यासाठी लागतं ते फार थोडं. जवळपास १ लाख ९० हजार लोकांची माहिती एकत्र करून २०२२ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. आठवड्याला सव्वा तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. अडीच तास करणाऱ्यांत २५ टक्क्यांनी. हे अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले, आणि ज्याचं मन मुळातच खचलंय तो कमी चालतो हेही खरंच. तरी सव्वा तास म्हणजे दिवसाला जेमतेम अकरा मिनिटं!

ती अकरा मिनिटं कुठून काढायची? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं, आणि असे पुरुष चारांतला जेमतेम एक. तेव्हा चालण्याचा सल्ला बाईला देऊन भागत नाही, तो तिच्या घरातल्यांनाही द्यावा लागतो. तेवढा वेळ चुलीपाशी कोण उभं राहणार, हे ठरल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही.

उंबरा ओलांडला तरी पुढे रस्ता आहे. मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांविषयी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाईला रस्त्यावर काहीतरी काम घेऊनच वावरावं लागतं, नुसतं रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, हे त्यांनी नेमकं टिपलं. आमच्या वस्तीत हे रोज दिसतं. संध्याकाळी फिरायला निघालेल्या बाया घडी केलेली पिशवी हातात ठेवतात. भाजी घ्यायची नसते, पण ‘कुठे निघालीस?’ याला उत्तर तयार लागतं. वारीला निघालेल्या सुनेला हा प्रश्न कुणी विचारत नाही, तिथे विठोबाचं नाव पुरतं. एरवीच्या चालण्याला तिने कुणाचं नाव सांगायचं?

मैत्रिणींनो, एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं. नवरा मारतो म्हणून जिचं मन खचलंय तिला ‘फिरून ये, बरं वाटेल’ म्हणून वाटेला लावणं हा अपमान आहे. तिला आधी संरक्षण हवं, कायद्याची मदत हवी. जिला जगणं नको झालंय तिला उपचार हवेत. १४४१६ या सरकारी मोफत दूरध्वनी सेवेवर मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक प्रत्येक गटाच्या वहीत लिहिलेला असावा.

बाकीच्यांसाठी गटानेच चालायला निघावं, असं माझं मत आहे. बैठक वीस मिनिटं आधी आटपायची आणि सगळ्यांनी मिळून एक फेरी मारायची. गोलात बसल्यावर न बोललेली गोष्ट चालताना सहज निघते, कदाचित समोरासमोर डोळ्यांत पाहावं लागत नाही म्हणून. शिवाय दिवा कुठे बंद आहे, पदपथ कुठे गाड्यांनी अडवलाय, दारूच्या दुकानापाशी कोण टोळक्याने उभं असतं, बायकांसाठी मुतारी किती अंतरात नाही, हे चालल्याशिवाय कळत नाही. ही यादी वहीत उतरवून, सह्यांसह वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामसभेत द्यावी. अर्जात ‘महिलांच्या मानसिक आरोग्यासाठी’ असं स्पष्ट लिहावं. साहेब हसतील. हसू देत, पण पोच घेतल्याशिवाय उठू नये.