नाव घासलेली भांडी

आपल्या भागातील जुन्या मराठी घरांत सध्या माळे रिकामे करण्याचा हंगाम चालू आहे. पांढुर्ण्यात काय, सौंसरात काय, वाडे उतरून त्या जागी सिमेंटची घरे उभी राहत आहेत. मुले नागपूर, पुणे किंवा त्याहूनही दूर गेली आहेत. माळ्यावरून खाली आलेल्या चिनी मातीच्या बरण्या, पितळी गुंड, तांब्याची घंगाळे आणि कपबशांचे अर्धेमुर्धे संच पूर्वीसारखे मोडीत जात नाहीत. त्यांची छायाचित्रे निघतात, 'व्हिंटेज' असे नाव लागते आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यांची बोली होते. या व्यवहाराबद्दल आम्हांस दोन कडक शब्द बोलावयाचे आहेत, आणि त्यांतील पहिला आपल्याच घराला उद्देशून आहे.

आम्ही विक्रीच्या विरोधात नाही. तो अधिकार आम्ही केव्हाच गमावला. घरात स्टीलची भांडी आली तेव्हा आपणच पितळेचे गंज आणि कोपर मोडवाल्याच्या काट्यावर ठेवले. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून नाहीशी झाली, याचे दुःख आपण आज करतो. परंतु त्याला द्यावयाची भांडी आपणच आधी घराबाहेर काढली होती. ज्या वस्तू भट्टीत वितळल्या असत्या त्या कोणी हौसेने विकत घेऊन दिवाणखान्यात मांडत असेल, तर त्याला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपले हात पाहावेत. संग्राहक हा शत्रू नव्हे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो.

आमची तक्रार विक्रीच्या रीतीविषयी आहे. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची चाल होती. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी मितीसुद्धा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेली असे. मागच्या वर्षी आमच्या परिचयातील एका घरचे घंगाळ विकले गेले. काही महिन्यांनी तेच घंगाळ आम्हांस विक्रीच्या छायाचित्रात दिसले. काठावरचा पोचा ओळखीचा होता. मात्र पणजीच्या माहेरचे नाव जेथे होते, तेथे यंत्राने घासलेला चकचकीत पट्टा होता. अक्षरे असली म्हणजे गिऱ्हाइकास वस्तू 'वापरलेली' वाटते, असे कारण आम्हांस सांगण्यात आले. जुनी वस्तू जुनी म्हणून विकावयाची आणि ती कोणी वापरली याची एकमेव साक्ष मात्र पुसून टाकावयाची, याला व्यापार म्हणावे की विटंबना?

वाचकहो, या अक्षरांचे मोल इतर कोणापेक्षा आपल्याला अधिक असावयास हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर पलीकडच्या राज्यात गेले. पुढे दप्तर हिंदीत गेले, पाट्या हिंदीत गेल्या, मुलांच्या शाळाही बहुतांशी त्याच वाटेने गेल्या. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचाही कारभार हिंदीतच चालतो. त्याबद्दल आमची कुरबुर नाही. हिंदी आपल्या शेजाऱ्यांची भाषा आहे आणि आपलीही झाली आहे. परंतु सामान्य घरातील बाईचे नाव, तिच्या माहेरचे गाव आणि तिला भांडे देणाऱ्या मामाचे नाव मराठीत लिहिलेले कोठे सापडेल, तर ते या गुंडांवर आणि तांब्यांवर. ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, ज्यांचे शिलालेख नाहीत, त्यांची बखर भांड्यांच्या काठावर आहे. ती आपण घासून देतो, आणि वर पॉलिशचे पैसेही मोजतो!

दुसरी तक्रार खोट्या कथांची. परवापर्यंत लोणच्याची असलेली बरणी विक्रीस निघताच 'संस्थानिकांच्या मुदपाकखान्यातील' होते. ही युक्ती नवी नाही. निळ्या-पांढऱ्या बशांवरील विलो वृक्षाची नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली, आणि बशा खपाव्यात म्हणून तिला चिनी प्रेमिकांची एक करुण दंतकथा नंतर चिकटविण्यात आली. फरक इतकाच की त्या कारखानदारांना निदान कथा रचता येत होती. आपल्याकडे 'शंभर वर्षे जुने' एवढ्या तीन शब्दांत काम भागते.

हे तीन शब्द मात्र जपून वापरावेत. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ यानुसार कलाकौशल्याची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा परवाना नसलेला विक्रेता नक्षीदार घंगाळास शंभर वर्षांचे म्हणून ते परदेशी धाडत असेल, तर दोहोंपैकी एक निश्चित: एक तर तो खोटे बोलत आहे, नाहीतर गुन्हा करीत आहे. तिसरा पर्याय आम्हांस दिसत नाही.

वस्तुतः खरी हकीकत खोटीपेक्षा अधिक रंजक असते. बरणी उलटी करून तळ पाहावा. तेथे ग्वाल्हेरचा, बंगालचा किंवा सौराष्ट्रातील एखाद्या पॉटरीचा शिक्का असेल, तर त्यात देशी कारखानदारीचा एक अध्याय आहे. खारी झिलई असलेली बरणी भट्टीत तापत असताना आत मीठ टाकीत. मिठातील सोडियम मातीतील वाळूशी एकजीव होऊन काचेसारखा थर बसे. म्हणूनच मीठ आणि आंबट यांनी ती वर्षानुवर्षे खराब होत नाही. आपल्या आज्या ती घेताना टिचकी मारून पाहत. खणखणीत वाजली तर घ्यावयाची, बद्द वाजली तर आत तडा आहे असे समजावयाचे. छायाचित्राला टिचकी मारता येत नाही. म्हणून तडा सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. पितळेची कल्हई गेली असेल तर त्यात ताक-चिंच ठेवू नये, हेही त्यानेच सांगावयास हवे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९८१ साली सुरू झालेली एक पेढी फुटलेल्या संचांतील सुटी बशी जुळवून देण्याचाच धंदा करते. बशीमागील शिक्का आणि नक्षीचे नाव यांवर तो सारा धंदा उभा आहे. तेथे नाव हाच माल आहे. आणि घरची गोष्ट हवी असेल तर पुण्याचे दिनकर केळकर पाहावेत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने दिवे, अडकित्ते, वज्री, भांडी अशा घरगुती वस्तूंचा संग्रह करण्यात आयुष्य घालविले, त्याला आपल्या दिवंगत मुलाचे नाव दिले आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. वस्तू त्यांनीही मिळविल्याच. पण त्यांच्यामुळे स्वयंपाकघरातील वस्तूंना इतिहासात जागा मिळाली. आपल्या विक्रीने त्यांची इतिहासातली जागा जाते.

'वस्तू आमची, आम्ही नाव ठेवू नाहीतर घासू,' असा एक आक्षेप येईल. कायद्याने तो बरोबर आहे. पण भांडे वाटणीत आले म्हणून पणजीचे नावही वाटणीत आले काय? ते एकट्याचे नसते. तिच्या चार लेकींच्या चार घरांचे ते असते. एकाने भांडे विकावे. चौघींचे नाव पुसण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. विकण्यापूर्वी भांड्याचे आणि त्यावरील अक्षरांचे छायाचित्र काढावे. नाव कोणाचे, गाव कोणते, भांडे कशासाठी वापरीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहावे. ती वही आपल्या मंडळाने सांभाळावी. घेणाऱ्यास ती हकीकत भांड्याबरोबर द्यावी. आणि नाव घासून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला, भाव कितीही चढा असो, नकार द्यावा.

यातले शेवटचे सर्वांत कठीण आहे हे आम्ही जाणतो. पण पहिल्या कामास एक दुपार पुरते. येत्या दिवाळीला मुले घरी येतील, माळा झाडला जाईल. ज्यांना ती अक्षरे वाचता येतात आणि ती नावे ज्यांच्या ओळखीची आहेत, अशी माणसे अजून आपल्या ओसरीवर बसलेली आहेत. भांडी पुढल्या वर्षीही विकता येतील.