नाव विकत घ्यावे काय?

प्रवेशशुल्क भरून कंपनीची पाटी, प्रशिक्षण व जाहिरात मिळवायची, या व्यवहारास फ्रँचायझी म्हणतात. अमेरिकेत कुलूपदुरुस्तीच्या धंद्यातही तो रुळला आहे. पॉप-अ-लॉक हे त्यातले परिचित नाव. आपल्याकडील तरुण कारागिरापुढे असा प्रस्ताव आला, तर त्याने प्रथम हिशेब मांडावा.

हक्कशुल्क बहुधा नफ्यावर नव्हे, एकूण जमेवर आकारले जाते. समजा, महिन्याची जमा ४०,००० रुपये. गाळ्याचे भाडे, कोऱ्या चाव्या, वीज, प्रवास वजा जाता १२,००० उरतात. आठ टक्के शुल्क म्हणजे ३,२०० रुपये, अर्थात शिल्लकीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक! जमा ३०,००० आणि शिल्लक २,००० वर आली, तर शुल्क २,४०० होते. म्हणजे महिनाभर राबून कारागिराने पदरचे ४०० रुपये घालावयाचे. जोखीम त्याची, वसुली कंपनीची. याला भागीदारी म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय.

मग नावाचा उपयोग काहीच नाही काय? आहे. अनोळखी महानगरात मध्यरात्री दाराबाहेर अडकलेला माणूस ओळखीच्या नावालाच हाक मारतो. परंतु तालुक्याच्या गावी कुलूप उघडणाऱ्याला घरात घेतले जाते ते पेठेतल्या त्याच्या लौकिकावर, आणि तो लौकिक कोणतीही कंपनी विकू शकत नाही.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझीची माहिती आधी उघड करण्याचा नियम आहे. आज सहीपूर्वी किमान १४ दिवस दस्तऐवज द्यावा लागतो व त्यात नुकतेच बाहेर पडलेल्यांची नावेही असतात. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. मुख्य भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोकाकोला खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, कराराच्या मुदतीत प्रतिस्पर्धी माल न हाताळण्याची अट कलम २७ खाली रद्दबातल ठरत नाही, असा निर्णय दिला. तेव्हा मुदत किती आणि मध्येच सुटका कशी, हे सहीपूर्वीच पाहावे. सोडून गेलेल्यांची नावे मागून घ्यावीत व त्यांना गाठून विचारावे.

मोटारींच्या चिप असलेल्या चाव्यांसाठी लागणारे महागडे यंत्र आणि त्याचे शिक्षण, एवढीच गोष्ट एकट्याच्या आवाक्याबाहेरची. त्यासाठी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जण संस्था नोंदवू शकतात. यंत्र संस्थेचे, पाटी मात्र ज्याची त्याची.