ग्रीक नाटकाची मराठी वाट

सांगलीच्या विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय काढले. पु. ल. देशपांडे हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी. सॉफोक्लिसचे नाटक १९७९ साली 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले तेही त्यांनीच. विंदा करंदीकरांनी तर त्याच्या कितीतरी आधी, १९५७ साली, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठी वाचकाच्या हाती दिले होते. म्हणजे सिद्धान्तही मराठीत आहे आणि नाटकही आहे. तरीही साहित्याचा विद्यार्थी 'कॅथार्सिस'ची व्याख्या मार्गदर्शिकेतून घोकतो आणि ॲरिस्टॉटल ज्या नाटकाचा दाखला वारंवार देतो, ते न वाचताच पदवी घेऊन बाहेर पडतो. पक्वान्नांची यादी पाठ करून उपाशीपोटी पानावरून उठण्यासारखाच हा प्रकार होय.

वस्तुतः हे नाटक मराठी विद्यार्थ्याला अवघड जाण्याचे कारण नाही, कारण कर्ण त्याच्या घरचा आहे. कर्णाला जन्मताच नदीत सोडले, ओयदिपौसला डोंगरावर टाकून देण्यासाठी मेंढपाळाच्या हवाली केले. दोघेही परक्या घरी वाढले. पण कर्णाला त्याचे जन्मरहस्य युद्धाच्या तोंडावर श्रीकृष्ण आणि कुंती स्वतः होऊन सांगतात, आणि ते कळूनही तो दुर्योधनाची बाजू सोडीत नाही. ओयदिपौसला मात्र कोणी काही सांगू इच्छीत नाही. आंधळा द्रष्टा टाळतो, राणी पुढे विचारू नये म्हणून विनवते, म्हातारा मेंढपाळ तोंड उघडीत नाही. नगरीवरील रोगराईचे कारण शोधू निघालेला हा राजा तरीही थांबत नाही, आणि अखेरीस अपराधी म्हणून स्वतःच उभा राहतो. एकाची थोरवी कळल्यानंतरच्या निष्ठेत, दुसऱ्याची कळून घेण्याच्या हट्टात! वर्गात ही दोन पाने शेजारी ठेवली, तर शिक्षकाला व्याख्या सांगावी लागणार नाही.

हे सारे परके, इंग्रजांनी लादलेले, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. इसापाच्या गोष्टी घरोघर सांगणाऱ्या समाजाला तो शोभत नाही. शेजारच्या कोल्हापुरात, ब्रह्मपुरीच्या टेकाडात, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची लहानशी मूर्ती सापडली. ती तेथे आली तेव्हा इंग्रजी भाषा जन्मालाही आली नव्हती.

उणीव आहे ती निराळीच. मराठीत आलेले बहुतेक ग्रीक साहित्य इंग्रजीच्या दारातून आले. मुळातून ग्रीक वाचून मराठीत लिहिणारे फारच थोडे, आणि ते काम करण्यास सर्वांत सिद्ध असा वर्ग म्हणजे संस्कृतचे पदवीधर. संस्कृतातील 'भरामि' ग्रीकमध्ये 'फेरो' होते. विभक्ती आहेत, आणि मराठीने केव्हाच टाकून दिलेले द्विवचनही तेथे जुन्या ओळखीच्या माणसासारखे भेटते.